अक्काच्या गाडीचा पत्रा

अक्कानं गाडी घ्यायची ठरवली तेव्हा ती बघायला मला सोबत नेलं. परभणीत एका डॉक्टरांच्या बंगल्यामागं, कडुनिंबाखाली ती उभी होती. मिनीबसच्या चासीवर बांधलेलं घरच ते. आत पलंग, ओटा, कोपऱ्यात न्हाणी, दोन्ही बाजूंना सरकत्या खिडक्या. डॉक्टरांनी देश हिंडायच्या हौसेनं ती बांधून घेतली होती. एकदा हैदराबादला जाऊन आले, मग त्यांचे गुडघे गेले, आणि गाडी तिथंच राहिली.

अक्का आत जाऊन पलंगावर बसून बघत होती. मी बाहेरून बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवत गाडीला फेरी घातली. माझं कामच ते. पुण्याकडं बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं पॅनल चिकटवायच्या सेक्शनला होतो. पत्रा मागच्या लाकडाला धरून असला तर आवाज बसका येतो, सुटला असला तर पोकळ. डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या वर दोन हात लांबीचा पट्टा पोकळ वाजला. खालच्या कडेला पत्रा फुगलेला होता. नख घातलं तर सरळ आत गेलं.

"अक्का, ही नको घेऊस," मी म्हणालो. "पत्रा सुटलाय. वरून कुठून तरी पाणी शिरायलंय. आतलं प्लायवूड भिजलेलं असंल."

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तू चिकटवशील की. इतकी वर्सं तेच केलंस ना?"

"सगळंच चिकटत न्हाई."

"बघू," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली. खिडकी नीट लागली याचाच तिला आनंद झालेला दिसला.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही दोघंच भावंडं. तिचं लग्न झालं होतं, पण दोन वर्षांत ती परत आली. का आली, हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. वडिलांनी तिला नर्सिंगला घातलं आणि पुढं तीस-बत्तीस वर्षं ती उपकेंद्रांवर नर्स म्हणून राहिली. आधी पाथरीकडं, मग सेलूकडं, शेवटी जिंतूरच्या बाजूला. राहायला सरकारी क्वार्टर. बदली झाली की लोखंडी कॉट, गॅस आणि एक पेटी टेम्पोत घालायची आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये उतरवायची. रिटायर झाली त्याच महिन्यात क्वार्टर सोडावं लागलं, आणि ती बोरीला माझ्या घरी आली.

माझ्या घरी म्हणजे आमच्या वडिलांच्या घरी. वडील गेले त्या वर्षी अक्कानं हक्कसोड करून दिलं होतं. आमच्याकडं बहिणी करून देतातच. कुणी विचारतही नाही, कागद तयार करून बोलावतात. मी पुण्याहून रजा काढून आलो होतो. ती ड्यूटीवरून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन, पांढऱ्या साडीतच, जिंतूरच्या रजिस्ट्री ऑफिसात आली. जिथं जिथं पेन्सिलीची फुली होती तिथं तिथं सही केली. आतल्या साहेबांनी विचारलं, "बाई, कुणाची जबरदस्ती नाही ना?" ती नाही म्हणाली. मग रीतीप्रमाणं मी तिला साडीचोळी घेतली. हिरवी साडी होती. ती तिनं कधी नेसलेली मला दिसली नाही.

पुढं माझ्या कमरेचा मणका सरकला, कारखाना सुटला आणि मी बोरीला येऊन राहिलो. दारं-खिडक्या, पत्र्याची शेडं, गळणाऱ्या टाक्या अशी कामं करायला लागलो. घर तीन खोल्यांचं. एकीत मुलगा-सून, एकीत आम्ही नवरा-बायको, तिसरं स्वयंपाकघर. अक्काची कॉट स्वयंपाकघरात टाकली. कुणी तिच्याशी भांडलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण गावात लोक अजून म्हणतात की भावजयीनं काढलं. माझी बायको सकाळचा पहिला चहा वन्सं म्हणून तिलाच द्यायची. पण पाहुणे आले की अक्का कॉटवरून उठून उभी राहायची. जेवणं व्हायच्या आत तिला झोपता यायचं नाही. आठ महिने असे गेले. मग सुनेला बाळ झालं. पाळण्याला जागा हवी म्हणून मुलानं त्याच्या खोलीत ठेवलेली अक्काची पेटी उचलून ओसरीवर नेऊन ठेवली. ती बाहेरून आली तेव्हा पेटी बाहेर होती. ती पेटीवर बसली आणि बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिली. त्याच आठवड्यात तिनं मला परभणीला चल म्हणून सांगितलं.

सुनेला वाटलं आत्या आता तीर्थयात्रेला निघाल्या. तिनं हौसेनं विचारलं, "आत्या, कुठं कुठं हिंडायला जाणार?"

"हिंडायला कुठं?" अक्का म्हणाली. "ऱ्हायला घ्यायलेय."

साठवलेल्या पैशातून तिनं ती घेतली. जागा तिनं आधीच बघून ठेवली होती. येलदरीच्या धरणाच्या कडेला मासे धरणारं एक कुटुंब राहायचं, नवरा-बायको आणि त्यांच्या चार-पाच शेळ्या. त्या बाईची दोन्ही अडलेली बाळंतपणं अक्कानं केली होती. त्यांच्या झोपडीशेजारी, पाण्यापासून जरा वर, सपाट मुरमाचा तुकडा होता. तिथं गाडी लावा म्हणून ती बाईच म्हणाली होती.

गाडी मीच चालवत नेली. झरीच्या पुढं डावा पत्रा वाऱ्यानं फडफडायला लागला. उतरून नायलॉनची दोरी गाडीभोवती दोनदा गुंडाळली आणि तशीच हळूहळू नेली. वाटेत बोरी लागली. मी विचारलं, "घरी थांबायचं का, चहा घेऊ?" ती समोर बघत म्हणाली, "नगं. दोरी ढिली व्हईल." दोरी घट्ट होती. घराकडं वळायचा रस्ता मागं गेला तरी तिनं मान वळवली नाही.

येलदरीला पोचल्यावर इंजिनानं एकदा मोठा धूर सोडला. पुढच्या महिन्यात बघितलं तर ते चालूच होईना. तिला त्याचं काही वाटलं नाही.

पहिली दुरुस्ती मी फाल्गुनात केली. तेव्हा मला अजून वाटत होतं की होईल. पत्रा खालून मोकळा करून वर उचलला आणि आत बघितलं. कुणीतरी आधी सिलिकॉन भरभरून लावलं होतं. सिलिकॉनवर पुन्हा काहीच धरत नाही, त्यावर सिलिकॉनसुद्धा धरत नाही. ते पत्तीनं खरवडायचं, मग घासायचं, मग थिनरनं पुसायचं, आणि तरी एखादा तेलकट डाग राहिला तर तिथूनच पुन्हा सुटतं. दोन रविवार मी नुसतं खरवडत होतो. प्लायवूड ओलं होतं पण घट्ट होतं. स्क्रू-ड्रायव्हरनं टोचलं तर जेमतेम आत जायचं. ते उन्हात आठ दिवस उघडं वाळू दिलं. छताच्या कडेला, जिथून पाणी शिरत होतं, तिथली फट साफ करून नवीन सीलंट भरलं. मग प्रायमर, आणि त्यावर गनमधून चिकटवायच्या मालाच्या जाड उभ्या रेघा.

काम सकाळी लवकर धरलं होतं. उन्हात पत्रा तापून वाढतो. तसाच चिकटवला तर गार झाल्यावर आखडतो आणि ताजा जोड ओढतो. पत्रा बसवला, आणि बाभळीच्या तीन दांड्यांचे टेकू जमिनीतून तिरपे लावून तो दाबून धरला. तिसरा टेकू लावताना फाटला. मदतीला आलेला तो मासे धरणारा माणूस दुसरं लाकूड आणायला गेला आणि मी दोन्ही तळहात पत्र्याला लावून उभा राहिलो. हात काढला असता तर पत्रा घसरला असता.

अक्का आत चहा करत होती. पत्र्याच्या पलीकडून, माझ्या छातीच्या उंचीवरून तिचा आवाज आला.

"थकलास का?"

"न्हाई."

"हात काढता यत न्हाई ना?"

"ते लाकूड घिऊन येऊस्तोर न्हाई."

"मंग आइक. किती दिवसाचं इचारायचंय." स्टोव्हचा आवाज बंद झाला. "रजिस्ट्री हापिसात त्या दिवशी तू खाली कामून बघायलतास?"

समोर पांढरा पत्रा होता, एवढ्या जवळ की श्वासानं त्यावर वाफ धरत होती.

"सही मी करनारच व्हते," ती म्हणाली. "तू म्हनला असतास ना, अक्का ऱ्हाऊ दे, तरी केली असती. मला काय करायचं व्हतं घर? क्वार्टर व्हतंच की. पर तू म्हनला न्हाईस. एकदा बी."

"अक्का, तवा मला एवढं कळलं न्हाई."

"कळलं व्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पेशंटला आजार समजावून सांगावा तशी ती बोलत होती. "कळलं व्हतं म्हनून तर खाली बघायलतास."

तो माणूस लाकूड घेऊन आला. आम्ही टेकू लावला. मी हात काढले तेव्हा दोन्ही तळव्यांचे ओले ठसे पत्र्यावर उमटलेले होते, ते बघता बघता वाळून गेले. अक्कानं दारातून दोघांना चहा दिला. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. मलाच बोलायचं होतं, दर वेळी जाताना मी ठरवायचो. पण तिथं पोचलं की मी पत्राच बघायला लागायचो.

ती बाजू उन्हाळाभर टिकली. अक्का खूश होती. खिडकीखाली तिनं डब्यात कोथिंबीर लावली. धरणावरच्या बाया पोरांना दाखवायला यायच्या. ती नाडी बघायची, जीभ बघायची आणि सरकारी दवाखान्यात पाठवायची. रोज सकाळी ती गाडीचं पायदान झाडून त्याच्यापुढं रांगोळी काढायची. मी एकदा म्हणालो, "गाडीपुढं कशाला?" ती म्हणाली, "गाडी कोन म्हनतंय हिला?"

पावसाळ्यात मी दोनदाच गेलो. जिंतूरहून येलदरीला जायला जीप मिळायची, पण मणक्यामुळं पावसात दुखणं वाढायचं, आणि कामंही त्याच दिवसांत जास्त. ज्याचं त्याचं छत गळत होतं. फोनवर मी विचारायचो, "पत्रा कसाय?"

"हाय की चांगला."

"आत वल येतीय का?"

"न्हाई. कोरडं हाय."

"खोकायलीस?"

"जरा गारवा हाय, म्हनून."

दिवाळीच्या आधी गेलो तेव्हा लांबूनच दिसलं की उजवी बाजू फुगली आहे. ती बाजू मी आधी वाजवून बघितली होती, तेव्हा भरीव वाजली होती. आता वरपासून खालपर्यंत पोकळ होती. खालची कडा उचकटून आत हात घातला तर ओलं, मऊ असं काहीतरी मुठीत आलं. बाहेर काढून बघितलं. भिजलेल्या चहापत्तीसारखं काळं पडलेलं लाकूड. प्लायवूडचे थर एकमेकांपासून सुटले होते. पाणी छतावरून नव्हे, खालून चढलं होतं. धरणाच्या कडेला दिवसभर दमट हवा, सकाळी दव, आणि गाडी एका जागी उभी. मी हे आधी ओळखायला हवं होतं. कारखान्यात कुठल्याही नवीन पोराला मी पहिल्या दिवशी सांगायचो, चिकटवायचा माल कितीही भारी असू दे, तो ज्याला धरतो ते धड पाहिजे. कुजलेल्या लाकडाला पत्रा चिकटतो, छान चिकटतो, आणि मग लाकडाचा वरचा पापुद्रा सोबत घेऊन खाली पडतो.

खरं काम म्हणजे ती सगळी बाजू उघडून, लाकूड काढून, नवीन सांगाडा बांधणं. त्याला गाडी शेडमध्ये न्यावी लागली असती. इंजिन बंद होतं. आणि अक्काला तेवढे दिवस कुठंतरी राहावं लागलं असतं. कुठं, हा प्रश्न मी तिच्यापुढं काढलाच नाही.

"काय म्हनतंय लाकूड?" तिनं विचारलं.

"जरा भिजलंय," मी म्हणालो. "व्हतंय नीट."

मी हाताला लागलं तेवढं कुजकं काढलं, उन्हात तीन दिवस वाळू दिलं, मग सुकं दिसत होतं तिथं प्रायमर मारून माल भरला आणि वरून रिव्हेटही ठोकले. रिव्हेट लाकडात नुसते शिरत होते, धरत नव्हते. कडेनं सीलंटची सुबक रेघ ओढली, बोट ओलं करून फिरवली. बाहेरून नव्यासारखं दिसायला लागलं. अक्का दोन पावलं मागं जाऊन बघत म्हणाली, "तुझ्या हाताला सफाई हाय." मी सामान आवरायला वाकलो.

तेव्हाच मला तिचे पाय दिसले. चपलेचे पट्टे घोट्याच्या मांसात रुतले होते. माझी नजर गेलेली तिनं बघितली. पायदानावर बसली, नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. "बघ," ती म्हणाली, जणू शिकाऊ मुलीला दाखवत होती. "भरून यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. लय दिवसापासून हाय. रुदयाचं हाय हे."

"दवाखान्यात चल."

"गेल्ते. गोळ्या चालू हायत." तिनं साडी खाली ओढली. "माझं मला कळतं."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. पुढच्या रविवारी ती माझ्यासोबत आली, डब्यात पुरणपोळ्या घेऊन. अक्काशेजारी पलंगावर बसून म्हणाली, "वन्सं, चला घरी. आमी काय परके हाओत का?" अक्कानं तिच्या हातावर हात ठेवला. "न्हाई गं. तुझं चांगलंय. पर मी इथं बरी हाय."

जाताना मी धीर करून बोललो. म्हणालो, "अक्का, मागल्या अंगणात दोन खोल्या काढतो. तुझ्या नावावर करतो. कागद करून."

तिनं माझ्याकडं बघितलं. वाटलं आता हो म्हणेल. "आता कशाला?" ती म्हणाली. "पुन्हा सह्या, पुन्हा जिंतूर. आन मी गेल्यावर तुलाच वारस लावून परत तुझ्या नावावर करत बसावं लागंल. खामखा परेशानी." ती हसली. मीही हसलो. बायको हसली नाही. जीपमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "हे आठ वर्सांआधी बोलायला पायजे व्हतं तुमी." आठ की दहा, मी हिशोब केला नाही.

चैत्र संपता संपता अवकाळी वादळ आलं, गारांचं. बोरीतही आमच्या शेजाऱ्याचं शेड उडालं. मी अक्काला फोन लावत होतो, लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं निघालो. येलदरीला उतरून चालत गेलो तर अक्का गाडीत पलंगावर बसलेली मला बाहेरूनच, समोरून दिसली. उजवी बाजूच नव्हती. नुसता सांगाडा, त्यात लोंबणारे प्लायवूडचे तुकडे, आणि मध्ये ती, गुडघ्यावर शाल घेऊन. पत्रा दोन शेतं पलीकडं बांधावर पडला होता. मी आणि तो मासे धरणारा माणूस तो उचलून आणायला गेलो. मधोमध दुमडला होता. आतल्या बाजूला मी भरलेल्या मालाच्या रेघा जशाच्या तशा होत्या, आणि त्या प्रत्येक रेघेला काळ्या लाकडाचा पातळ थर चिकटलेला.

तरी मी पिशवीतून गन काढली. का काढली, सांगता येत नाही. पत्रा जमिनीवर पालथा घालून हातोडीनं घडी सरळ करायला लागलो. मग सांगाड्यापाशी गेलो आणि जिथं लावायचा ती उभी पट्टी हातानं चाचपली. ती तुटून हातात आली. तिच्या खालची आडवी धरली, तीही आली. कशाला लावायचं ते काही शिल्लकच नव्हतं. अक्का आतून बघत होती. आमच्यामध्ये आता काहीच नव्हतं.

"अक्का," मी म्हणालो, "हे माझ्याच्यानं होणार न्हाई."

"हां," ती म्हणाली. "दिवाळीलाच होणार नव्हतं ना?"

मी मान हलवली.

"मला वाटलंच." तिला दम लागत होता, दोन शब्दांमध्ये ती थांबत होती. "तू रिव्हेट ठोकायलतास, तवा आवाज ऐकू यायलता आत. कशालाच लागत नव्हते. बोलले न्हाई. म्हनलं, तुझं समाधान व्हऊ दे."

तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. अकरा दिवस ती तिथं होती. मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आता घरचं खाऊ द्या. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला, तिला माझ्याआधी. बोरीला आणली. मुला-सुनेनं त्यांची खोली रिकामी करून दिली. सुनेनं स्वतःच पाळणा बाहेर काढला. पंखा, खिडकी, शेजारी पाण्याचा तांब्या, सगळं केलं. अक्का भिंतीकडं तोंड करून पडायची. कुणी बोललं तर उत्तर द्यायची, आपण होऊन बोलायची नाही. बाळ धडपडत चालत दारापर्यंत यायचं, तिच्याकडं बघायचं आणि परत जायचं.

एकच गोष्ट ती रोज विचारायची. "गाडीला कुलूप लावलंस का?"

"लावलं, अक्का."

लावलं होतंच. निघताना तिच्या देखत मी दाराला कुलूप घातलं होतं आणि ओढून बघितलं होतं. एक बाजू सताड उघडी असलेल्या गाडीचं ते दार. तिनंही ते बघितलं होतं. तरी ती विचारायची आणि मी सांगायचो.

एका दुपारी माझी बायको तिला पेज भरवायला गेली आणि लगेच परत आली. दारात उभी राहून माझ्याकडं नुसती बघत राहिली. मी करवत खाली ठेवली.

तेरावं झाल्यावर, पावसाला सुरुवात व्हायच्या आत तिचं सामान आणायला गेलो. थोडकंच होतं. पलंगावरची गादी, कुकर, औषधांचा डबा, बी.पी.चं मशीन. भिजलेलं बरंच होतं, ते तिथंच सोडलं. धरणावरच्या त्या बाईनं चहा ठेवला. ती विचारत होती की सांगाड्यावर ताडपत्री टाकून आत शेळ्या बांधल्या तर चालेल का. मी म्हणालो, बांधा. तिला अजून काहीतरी बोलायचं होतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली,

"दादा, एक सांगू का? नर्सबाईंनी सांगू नगं म्हनलं व्हतं."

"सांग की."

"गेल्या पावसाळ्यात त्या गाडीत निजतच नव्हत्या. पलंग भिजायचा. आमच्याकडंच यायच्या निजायला, चार म्हैने. तुमी यायच्या दिशी सकाळी जाऊन आथरून घालून ठेवायच्या. म्हनायच्या, त्याला कळलं तर पावसात यत बसंल, त्याचा मनका दुखतोय."

मी विचारलं, "कुठं निजायची?"

तिनं मला आत नेलं. झोपडीत एका अंगाला जाळी गुंडाळून ठेवलेली होती, दुसऱ्या अंगाला चूल. मध्ये जेमतेम एक माणूस आडवं होईल एवढी जागा. जमीन सारवलेली होती. "हितं," ती म्हणाली.

मी तिथं जाऊन उभा राहिलो. छत खाली होतं, मान वाकवूनच उभं राहावं लागत होतं. मग बाहेर येऊन चहा प्यायलो. गादी आणि कुकर बांधले, औषधांचा डबा तिनं ठेवून घेतला. जिंतूरची जीप भरत आली होती. ड्रायव्हरनं हाक मारली तशी मी गादी टपावर टाकली आणि मागं जाऊन बसलो.